‘गॅस संपला’ म्हणण्यापूर्वी...

मे महिन्यातील दुपार. सिग्नलला गाड्यांची लांबच लांब रांग लागलेली. सकाळी घरून निघताना गाडीतील एसी अगदी व्यवस्थित चालत होता. आता मात्र झरोक्यांतून येणारी हवा हळूहळू कोमट होते आणि पाहता पाहता अंगाची लाही करू लागते. संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये पोहोचते आणि बोनेट उघडण्यापूर्वीच निदान होऊन जाते : ‘गॅस संपलाय.’ गॅस भरला जातो, गार हवा येऊ लागते, पैसे चुकते होतात. चार दिवस बरे जातात आणि पुढच्या कडक दुपारी तीच रड पुन्हा सुरू होते.

या घटनाक्रमातील एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ऊन उतरलेले असते आणि काम सुरू होईपर्यंत इंजिनही निवलेले असते. गॅस भरला नसता तरी त्या वेळी एसी कदाचित सुरू झालाच असता. श्रेय मात्र गॅसला मिळते आणि खरा दोष जागच्या जागी राहतो.

एसी बिघडला म्हणजे गॅस कमी झाला, हे समीकरण शहरी गाडीमालकांच्या मनात इतके पक्के बसले आहे की, या यंत्रणेचा बराचसा कारभार विजेवर चालतो याचा विसर पडतो. फ्यूज, रिले, दाबावर चालणारा स्विच, तापमान मोजणारा सेन्सर, क्लचची कॉइल, पंखे आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा, यांपैकी एकाने जरी दगा दिला तरी गाडीत बसणाऱ्याला जाणवते ते एकच : हवा गार येत नाही. लक्षण एक आणि कारणे अनेक, अशी ही अवस्था आहे. अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा क्रमाने एकेक शक्यता बाद करत जाणे हेच खरे निदान होय. त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत. लागतो तो थोडा धीर.

गॅस जातो कुठे?

गाडीतील पेट्रोल जळते, म्हणून ते संपते. एसीचा गॅस जळत नाही आणि वापरलाही जात नाही. तो एका बंद चक्रात फिरत राहतो. काँप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीसमोरील कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो, एका अरुंद छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होताना तो गाडीतील हवेची उष्णता शोषून घेतो. लहान मोटारीत हा गॅस साधारण अर्धा किलोच्या आसपास असतो.

रबरी नळ्या आणि सांधे यांतून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, हे खरे. पण गेल्या महिन्यात भरलेला गॅस या महिन्यात ‘संपला’ असेल, तर कुठेतरी गळती आहे, किंवा तो मुळात संपलाच नव्हता, हे दोनच अर्थ निघतात. पहिल्या बाबतीत गळती शोधणे आवश्यक ठरते आणि दुसऱ्या बाबतीत वीज.

चालू-बंद करणारा क्लच

काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन सुरू असेपर्यंत पट्टा फिरणारच. पण एसी सतत चालायला नको असतो. मोटारीतील वातानुकूलनाच्या आरंभकाळात ही मोठीच अडचण होती. अमेरिकेतील ‘पॅकार्ड’ कंपनीने १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या मॉडेलसाठी, कारखान्यातूनच बसवून मिणारी वातानुकूलन यंत्रणा बाजारात आणली. तिच्या काँप्रेसरला क्लच नव्हता. यंत्रणा पूर्ण बंद करायची तर इंजिन थांबवून, खाली उतरून, पट्टा काढून ठेवावा लागे. हा प्रयोग फार काळ टिकला नाही.

पुढे या अडचणीवर विद्युतचुंबकीय क्लचचा उपाय निघाला. काँप्रेसरच्या पुलीमागे तांब्याच्या तारेची एक कॉइल असते. तिच्यातून वीज वाहिली की तिचे चुंबक होते, ते पुढची पोलादी चकती ‘टक्’ आवाज करून ओढून घेते आणि काँप्रेसर फिरू लागतो. वीज थांबली की चकती सुटते. पुली नुसतीच फिरत राहते. म्हणजे संपूर्ण एसीचा पसारा शेवटी या एका कॉइलला वीज मिळते की नाही, आणि पुरेशी मिळते की नाही, यावर अवलंबून असतो.

फाईल कोणत्या टेबलावर अडली?

ही वीज थेट मिळत नाही. सरकारी कचेरीत जशी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सह्या घेत जाते, तशीच ही व्यवस्था आहे. चालक एसीचे बटण दाबतो, ही झाली अर्जाची नोंद. त्यानंतर ब्लोअर चालू आहे ना, हे पाहिले जाते. कूलिंग कॉइलवर बर्फ जमलेले नाही ना, हे तापमानाचा सेन्सर सांगतो. नळ्यांत दाब फार कमी किंवा फार जास्त नाही ना, याची खात्री प्रेशर स्विच देतो. इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजे ईसीयू, इंजिन तापलेले नाही आणि चालकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नाही, हे पाहतो. या सर्वांच्या सह्या झाल्या की रिले जोडला जातो आणि फ्यूजमधून आलेली वीज क्लचच्या कॉइलकडे निघते. कॉइलमधून ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यावाटे, म्हणजे अर्थिंगमधून, बॅटरीकडे परतते.

सह्यांचा क्रम गाडीगणिक थोडा बदलतो. तत्त्व तेच राहते. एकाही टेबलावर सही अडली तर क्लच लागत नाही. आणि कोणत्या टेबलावर अडली हे न पाहता गॅस भरणे म्हणजे हरवलेल्या फाईलसाठी पुन्हा नवा अर्ज करण्यासारखे आहे.

आधी डोळे आणि कान

पहिली तपासणी कोणत्याही उपकरणाविना होते. गाडी मोकळ्या जागी उभी करावी, इंजिन सुरू करून ब्लोअर लावावा. ब्लोअरच चालत नसेल तर गॅसची चर्चाच अप्रस्तुत ठरते. दोष ब्लोअरचा फ्यूज, मोटर किंवा तिचा वेग नियंत्रित करणाऱ्या भागात असतो. बटणाने वेग बदलणाऱ्या साध्या ब्लोअरमध्ये केवळ सर्वांत वरचा वेग चालतो आणि खालचे चालत नाहीत, असे दिसले तर ब्लोअर रेझिस्टर जळाला आहे, असे बहुधा समजावे.

ब्लोअर ठीक असेल तर एसीचे बटण दाबून बोनेटखाली कान द्यावा. या वेळी हात, ओढणी, शर्टाची बाही पट्ट्यांपासून आणि पंख्यांपासून दूर ठेवणे अत्यंत आवश्यक आहे; रेडिएटरचा पंखा कोणत्याही क्षणी आपणहून सुरू होतो. आता तीन शक्यता संभवतात. पहिली, ‘टक्’ आवाज होऊन पुलीची पुढची चकती फिरू लागते आणि फिरत राहते, तरीही हवा गरम. अशा वेळी क्लचपर्यंतची वीज सुखरूप आहे. गॅस, काँप्रेसर, कंडेन्सरचा पंखा किंवा गार आणि गरम हवेची सरमिसळ करणारी डॅशबोर्डमधील झडप यांच्याकडे वळावे. दुसरी, क्लच काही सेकंदांनी लागतो आणि सुटतो, पुन्हा लागतो आणि सुटतो. गॅस खरोखर कमी असल्याची ही नेहमीची खूण आहे. तिसरी, काहीच होत नाही. ना आवाज, ना हालचाल. विजेचा शोध येथून सुरू होतो.

फ्यूज का उडाला?

बहुतेक गाड्यांत एसीचा फ्यूज बोनेटखालच्या पेटीत असतो आणि पेटीच्या झाकणावर त्याची जागा दाखवलेली असते. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा नवा लावावा. तो टिकला तर उत्तम. पण तो लगेच उडाला, तर त्याने आपले काम केले आहे. कुठेतरी वीज आडवाटेने सांगाड्याला भिडते आहे, असा त्याचा निरोप असतो.

हा निरोप न ऐकता १० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज लावणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे तारेचा तुकडा गुंडाळणे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तार जेवढा प्रवाह सोसू शकते त्याच्या अलीकडेच फ्यूज वितळावा, अशी ही योजना असते. फ्यूज मोठा केला की वितळण्याची पाळी तारेवर येते आणि तारेवरचे प्लास्टिक पेट घेते. गाडीला आग लागण्यासाठी एवढे निमित्त पुरते.

फ्यूज पुन्हा उडत असेल तर क्लचचे कनेक्टर काढून ठेवावे आणि एसी लावून पाहावा. आता फ्यूज टिकला, तर दोष बहुधा क्लचच्या कॉइलमध्ये असतो. काही गाड्यांत या कॉइलला समांतर एक लहानसा डायोड जोडलेला असतो. कॉइल बंद होताना उसळणाऱ्या उच्च दाबाच्या विजेपासून तो इतर भागांचे रक्षण करतो. तोच आतून जुळून गेला तरी फ्यूज उडतो. कनेक्टर काढूनही फ्यूज उडतच असेल, तर वाटेतील तार कुठेतरी घासून उघडी पडली आहे, असे समजावे.

साखळीच्या मधोमध

फ्यूज शाबूत असूनही क्लच लागत नसेल, तर साखळी एका टोकापासून तपासत बसण्याचे कारण नाही. ती मध्यभागी तपासली की निम्मी शंका एका फटक्यात मिटते. ही जागा म्हणजे क्लचचे कनेक्टर. एसी चालू ठेवून येथे मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

व्होल्टेज येत असेल आणि क्लच लागत नसेल, तर वरच्या सर्व सह्या झालेल्या आहेत. मग कॉइल, अर्थिंग किंवा चकतीमधील फट या तीनच गोष्टी उरतात. इंजिन बंद करून कॉइलचा रोध मोजावा. तो बहुतेक गाड्यांत ३ ते ४ ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच वाचन दाखवत नसेल तर कॉइलची तार आतून तुटली आहे.

व्होल्टेज येतच नसेल, तर शोध मागे सरकतो आणि पहिली पाळी रिलेची येते. त्याच पेटीत हॉर्नचा किंवा अन्य कशाचा तरी तंतोतंत तशाच क्रमांकाचा रिले अनेकदा असतो. दोघांची अदलाबदल केली की मिनिटभरात निकाल लागतो. एसी लागला आणि हॉर्न मुका झाला, तर गुन्हेगार सापडला. रिले निर्दोष ठरला तर त्याला हुकूम मिळतो की नाही, म्हणजे प्रेशर स्विच, सेन्सर आणि ईसीयू यांचा विचार करावा लागतो.

तापमानाच्या सेन्सरचा एक प्रकार तर मोठा गमतीदार आहे. गारवा वाढला की त्याचा रोध वाढतो. त्याची तार तुटली तर रोध अमर्याद होतो. अनेक गाड्यांतील नियंत्रक याचा अर्थ आत कडाक्याची थंडी आहे असा घेतो आणि काँप्रेसरला परवानगी नाकारतो. बाहेर पारा ४० अंशांवर असतो, आणि यंत्रणेची मात्र आत बर्फ जमल्याची खात्री पटलेली असते.

बंद नळाचा भुलावा

आता सुरुवातीच्या त्या दुपारी बंद पडणाऱ्या एसीकडे वळता येईल. अशा गाडीत वरील सर्व तपासण्या कित्येकदा निर्दोष ठरतात. कनेक्टर काढून मीटर लावावे तर १३.८ व्होल्ट पूर्ण दिसतात. तरीही क्लच लागत नाही. येथेच अनेक कारागीर चकतात आणि काँप्रेसर बदलण्याचा सल्ला देतात.

चाळीतील नळाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. पाइप गंजाने जवळजवळ बुजलेला असला, तरी नळ बंद असताना त्यात पाण्याचा दाब पूर्ण भरतो. नळ उघडला की मात्र करंगळीएवढी धार येते. मीटरचेही तसेच आहे. तो जवळजवळ वीज ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडामागेही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. खरी परीक्षा वीज वाहत असतानाच होते.

गणित अगदी साधे आहे. कॉइलचा रोध ३.६ ओहम आणि व्होल्टेज १३.८ असेल तर कॉइलमधून सुमारे ३.८ अँपिअर प्रवाह वाहतो. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढून तेथे १.२ ओहमचा रोध निर्माण झाला की प्रवाह २.९ अँपिअरवर येतो. सकाळी एवढ्यावर निभावते. दुपारी कॉइल १०० अंशांपर्यंत तापली की तांब्याच्या गुणधर्मानुसार तिचाच रोध सुमारे ४.६ ओहम होतो आणि प्रवाह २.४ अँपिअरपर्यंत घसरतो. चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ती मूळच्या निम्म्याहूनही कमी उरते. त्यातच चकती आणि पुली यांच्यातील फट, जी नवेपणी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते, झिजेने वाढलेली असली तर चकती ओढलीच जात नाही. संध्याकाळी कॉइल निवते आणि क्लच पुन्हा लागू लागतो. दुपारचा एसी संध्याकाळी ‘बरा’ होण्याचे रहस्य हे असे आहे.

हा दोष पकडण्याची रीतही सोपी आहे. कनेक्टर जोडलेले आणि एसी चालू असताना मीटरचे एक टोक कॉइलच्या अर्थिंगच्या तारेला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. परतीची वाट स्वच्छ असेल तर मीटर जेमतेम ०.१ ते ०.२ व्होल्ट दाखवतो. वरच्या उदाहरणात तो तीन व्होल्टच्या आसपास दाखवील. तेवढे व्होल्ट गंजाने गिळलेले असतात. बोल्ट सोडवून, काचकागदाने घासून पुन्हा घट्ट आवळणे, एवढाच मग उपाय उरतो. मीटर नसेल तर इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्पही कामास येतो. तो दीड-पावणेदोन अँपिअर प्रवाह ओढत असल्याने कमजोर जोड त्याच्यापुढे लपत नाही. प्रकाश मंद पडतो. मात्र असा दिवा ईसीयूच्या किंवा सेन्सरच्या तारांना कधीही लावू नये. तेथील नाजूक सर्किट एवढा प्रवाह सोसू शकत नाही.

अशी तपासणी दोष प्रकट असतानाच करावी लागते, हे महत्त्वाचे. दुपारी बंद पडणारी गाडी दुपारीच, तापलेल्या अवस्थेतच दाखवली पाहिजे.

‘डायरेक्ट’चा मोह

प्रेशर स्विचच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून तो ‘डायरेक्ट’ करणे, हा गॅरेजमधील आणखी एक लोकप्रिय उपाय. क्लच लागतो आणि गाडीमालक खूश होतो. परंतु हा स्विच तेथे उगाच बसवलेला नाही. गॅसचा दाब सुमारे ३० पीएसआयच्या खाली, म्हणजे साधारण टायरमधील हवेइतका उतरला की तो काँप्रेसर बंद करतो. काँप्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नाही तर तेल नाही आणि तेलाविना काँप्रेसर जाम होतो. दुसरीकडे दाब सुमारे ४०० पीएसआयपर्यंत किंवा त्याहून वर चढला तरी तो यंत्रणा थांबवतो, अन्यथा नळी फुटण्याचा धोका असतो.

स्विच बंद आहे याचे कारण तो बिघडला आहे की गॅस खरोखर कमी आहे, हे आधी गेज लावून ठरवायला हवे. आर-१३४ए गॅस असलेली यंत्रणा काही तास बंद असेल आणि हवामान ३० अंशांचे असेल, तर दोन्ही बाजूंना सुमारे ९५ ते १०० पीएसआय दाब दिसतो. तेवढा दाब असूनही स्विच जोडत नसेल, तर स्विच किंवा त्याचे कनेक्टर दोषी. दाब त्याहून खूपच कमी असेल, तर गळती शोधावी. यंत्रणेत थोडाही द्रवरूप गॅस शिल्लक असेल तोवर बंद अवस्थेत दाब तेवढाच राहतो. त्यामुळे या वाचनावरून ‘गॅस आहे’ एवढेच समजते, ‘पुरेसा आहे’ हे नव्हे. नव्या गाड्यांत तर स्विचऐवजी तीन तारांचा प्रेशर सेन्सर असतो. त्याच्या तारा आपसात जोडण्याचा प्रयोग ईसीयूच्या मुळावर येऊ शकतो.

पंख्याची चूक, गॅसवर आळ

महामार्गावर एसी उत्तम चालतो. शहरातील कोंडीत मात्र हवा गरम होते. या तक्रारीवरही गॅस भरला जातो. वास्तविक वेगात जाताना समोरची हवाच कंडेन्सर गार करत असते. गाडी थांबली की ते काम विजेच्या पंख्यावर येते. पंख्याची मोटर, फ्यूज किंवा रिले बिघडलेला असेल तर दाब वाढत जातो आणि प्रेशर स्विच काँप्रेसर बंद करतो. अशा यंत्रणेत आणखी गॅस भरल्यास दाब अधिकच चढतो आणि दुखणे बळावते. एसी लावल्यावर पंखा फिरतो का, हे पाहायला काही क्षण पुरतात.

पाऊस, खारी हवा आणि उंदीर

मुंबई, ठाणे आणि कोकण किनारपट्टीवर या दोषांना हवामानाचीही साथ मिळते. खारट दमट हवेने कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी गेली की खालच्या बाजूच्या काँप्रेसरचे कनेक्टर पाण्यात बुडते. पावसाळ्यात आसरा शोधणारे उंदीर उबदार इंजिनाजवळ मुक्काम करतात आणि तारा कुरतडतात. त्यात भर पडते ती हौसेच्या जोडण्यांची. जादा दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांसाठी जी तार हाताशी येईल ती सोलून जोड दिला जातो. विजेचा दोष शोधताना, गाडीत अलीकडे कोणते काम झाले, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी विचारावा.

येथे एक मर्यादाही सांगायला हवी. अलीकडील कित्येक गाड्यांत काँप्रेसर सतत फिरतो आणि त्याची क्षमता आतील विजेवर चालणारी झडप कमी-जास्त करते. तेथे ‘टक्’ आवाजाची वाट पाहणे व्यर्थ असून स्कॅनर लावूनच दोष कळतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर काँप्रेसरच शेकडो व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. या तारांना घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये हात लावणे जिवावर बेतू शकते.

केवळ पैशांचा प्रश्न नाही

चुकीच्या निदानाची किंमत गाडीमालकाच्या खिशापुरती मर्यादित नसते. पूर्वी वापरात असलेला आर-१२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही. परंतु हवा तापवण्याची त्याची क्षमता, १०० वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. अर्धा किलो गॅस हवेत सोडणे हे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतके महाग पडते. अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती झाली. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली असून, २०३२ पासून आरंभ करून २०४७ पर्यंत वापरात ८५ टक्के कपात करण्याचे बंधन स्वीकारले आहे. असे असताना जुना गॅस हवेत सोडून नवा भरण्याची रीत कोणत्याच दृष्टीने समर्थनीय ठरत नाही. यंत्राने गॅस काढून घेणे, त्याचे वजन करणे, यंत्रणा निर्वात करून ठरावीक वजनाचाच गॅस परत भरणे, ही योग्य पद्धत होय. काढलेल्या गॅसचे वजन पूर्ण भरले, तर गॅस संपलाच नव्हता, हेही तेथल्या तेथे सिद्ध होते.

शिवाय, एसी आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. मालमोटारींच्या चालकांना उष्म्याने थकवा येतो आणि त्यातून अपघात संभवतात, या विचाराने केंद्र सरकारने मध्यम आणि जड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या उत्पादनासाठी वातानुकूलन यंत्रणा सक्तीची केली. दिवसभर टॅक्सी चालवणारा असो वा रात्रंदिवस घाटातून माल नेणारा, त्याच्यासाठी एसी बंद पडणे हा रोजगाराचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न असतो. अशा माणसाला दर महिन्याला गॅसचे पैसे मोजायला लावणारे निदान परवडणारे नाही.

प्रत्येक गाडीमालकाने हातात मीटर घ्यावा, असे नव्हे. पण गॅरेजमध्ये गेल्यावर तीन प्रश्न त्याने जरूर विचारावेत. क्लच लागतो का? लागत नसेल तर त्याच्या कनेक्टरवर, वीज वाहत असताना, किती व्होल्ट मिळतात? आणि गॅस कमी आहे असे म्हणायचे तर गेजवर किती दाब दिसला? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याची उत्तरे त्याच्याजवळ तयार असतात. ज्याच्याजवळ ती नसतात, त्याने निदान केलेले नसते, केवळ अंदाज बांधलेला असतो. गंजलेला एक बोल्ट घासून आवळण्याने जे काम होते, त्यासाठी गॅसची टाकी उघडण्यापूर्वी एवढी चौकशी करायला हरकत नसावी.